पक्षाघात-परिचर्या व पुनर्वसन

पक्षाघात-परिचर्या व पुनर्वसन : मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा एकाएकी बंद पडल्याने अथवा मेंदूत रक्तस्राव झाल्याने शरीराच्या कार्यात जो बिघाड होतो, त्यास सामान्यतः पक्षाघात, अर्धांगवायू किंवा लकवा असे म्हणतात. अशा रुग्णाची आघाताच्या पहिल्या तासापासून तो शक्य तितका स्वावलंबी होईपर्यंत प्रशिक्षित परिचारिकेने वा परिचारकाने घ्यावयाची काळजी म्हणजे पक्षाघात-परिचर्या होय. या परिचर्येची तीन अंगे आहेत : जीव वाचविणे, आघातानंतर उद्भवणारे उपद्रव टाळणे आणि गमावलेली कार्यशक्ती परत मिळविण्यास साहाय्य करणे. ही अंगे एकामागून एक येणारे टप्पे नसून ती पहिल्या दिवसापासून बरोबरीनेच चालतात.

पक्षाघाताचे दोन मुख्य प्रकार आहेत. मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीत रक्ताची गुठळी अडकल्याने होणारा प्रकार अधिक प्रमाणात आढळतो; रोहिणी फुटून मेंदूत रक्त साचल्याने होणारा प्रकार त्यामानाने कमी आढळतो, पण तो अधिक घातक असतो. बाह्य लक्षणांवरून हे दोन प्रकार निश्चितपणे ओळखता येत नाहीत. त्यासाठी मेंदूचे छेददर्शन (सीटी स्कॅन) करावे लागते. दोहोंचे औषधोपचार भिन्न, किंबहुना काही बाबतींत परस्परविरुद्ध आहेत. परिचर्येची मूलतत्त्वे मात्र दोन्ही प्रकारांत बहुतांशी सारखीच असतात.

वैद्य, भौतिकी चिकित्सक, व्यवसाय चिकित्सक आणि वाक्‌चिकित्सक हे सर्व रुग्णाजवळ ठराविक वेळापुरते असतात. चोवीस तास त्याच्या सान्निध्यात राहणारा व्यावसायिक घटक म्हणजे परिचारिका. पक्षाघाताच्या रुग्णाला मृत्यू येतो तो पुष्कळदा मेंदूच्या मूळ इजेमुळे नव्हे, तर पुढील काही दिवसांत फुप्फुसात अन्नकण जाऊन होणारा न्यूमोनिया, पायातील नीलेत होणारी गुठळी, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा शय्याव्रण अशा उपद्रवांमुळे येतो. हे उपद्रव टाळणे हे मुख्यतः परिचर्येचे कार्य असल्याने या रोगात परिचर्या ही उपचाराची पुरवणी नसून तो स्वतःच एक उपचार ठरतो. [→ परिचर्या].

पूर्वपीठिका : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पक्षाघात झालेल्या रुग्णास अंथरुणात निजवून ठेवणे हाच सर्वत्र प्रघात होता. इंग्लंडमधील मार्जरी वॉरेन या वैद्य स्त्रीने १९३५ नंतर वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची नव्याने तपासणी व वर्गवारी करून त्यांना उठविण्या-बसविण्याचा उपक्रम सुरू केला. त्यांतील अनेकजण हिंडूफिरू लागून घरी जाऊ शकले. ‘असाध्य’ समजल्या गेलेल्या अवस्थेचा मोठा भाग रोगाचा नसून निष्क्रिय निजण्याचा परिणाम असतो, हे यावरून ध्यानी आले. डोरीन नॉर्टन या परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह १९६२ मध्ये शय्याव्रणाचा धोका अंकांत मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. बेशुद्धीची खोली मोजणारी ग्लासगो श्रेणी १९७४ मध्ये प्रचारात आली, तर दैनंदिन व्यवहारांतील स्वावलंबन मोजणारा बार्थेल निर्देशांक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. या साधनांमुळे परिचारिकेचे निरीक्षण मोजता येण्याजोगे व दुसऱ्या पाळीतील परिचारिकेकडे बिनचूक सोपविता येण्याजोगे झाले.

पक्षाघाताच्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग ठेवून तेथे खास प्रशिक्षित परिचारिका, वैद्य व चिकित्सक यांनी एकत्र काम करण्याची कल्पना पुढे रूढ झाली. नॉर्वेतील ट्राँनहेम येथील १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीसह अनेक चाचण्यांतून असे दिसून आले की, अशा विभागात ठेवलेल्या रुग्णांत मृत्यूचे व परावलंबनाचे प्रमाण सर्वसाधारण विभागातील रुग्णांपेक्षा कमी असते. हा लाभ तरुण-वृद्ध, स्त्री-पुरुष आणि सौम्य-तीव्र अशा सर्व गटांत आढळतो.

महाराष्ट्रात परिचर्येच्या शिक्षणात मध्यमवर्गीय स्त्रियांना आणण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालील पुणे येथील सेवासदन या संस्थेकडे जाते. पुनर्वसनाच्या क्षेत्रात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये सुरू झालेले व्यवसाय चिकित्सेचे विद्यालय आणि हाजी अली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिकी चिकित्सा व पुनर्वसन संस्था या दोन घटना महत्त्वाच्या होत.

पहिले काही तास : गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात दर मिनिटाला सरासरीने सु. १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये वर्तविण्यात आला. गुठळी विरघळविणारे आल्टेप्लेज हे औषध उपयुक्त असल्याचे १९९५ मध्ये सिद्ध झाले. त्या वेळी ते आघातानंतर तीन तासांच्या आत देता येत होते. २००८ मधील संशोधनानंतर ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. अलीकडे टेनेक्टेप्लेज हे औषधही वापरले जाते. मोठ्या रोहिणीतील गुठळी नलिकेद्वारे बाहेर काढण्याची क्रिया २०१५ पासून मान्यता पावली असून निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंत करता येते.

रुग्ण दाखल होताच परिचारिकेने करावयाची पहिली गोष्ट म्हणजे ‘रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला’ याची अचूक नोंद. लक्षणे केव्हा ध्यानी आली ही वेळ त्याहून वेगळी असू शकते. झोपेतून उठताना अंग लुळे पडल्याचे आढळल्यास रात्री निजण्याची वेळच प्रथम धरावी लागते. त्यानंतर श्वसनमार्ग मोकळा आहे याची खात्री करणे, रक्तदाब, नाडी व रक्तशर्करा मोजणे, शीर उघडून ठेवणे आणि रुग्णास छेददर्शनासाठी नेणे ही कामे एकाच वेळी उरकावी लागतात. रक्तशर्करा फार उतरल्यानेही पक्षाघातासारखी लक्षणे दिसतात. म्हणून ही तपासणी कधीही गाळली जात नाही.

आल्टेप्लेज हे शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे ०.९ मिग्रॅ. (जास्तीत जास्त ९० मिग्रॅ.) या प्रमाणात देतात. त्यातील दशांश भाग प्रथम एकदम आणि उरलेला एका तासात सावकाश शिरेतून जातो. औषध देण्यापूर्वी रक्तदाब १८५/११० हून खाली आणि दिल्यानंतर चोवीस तास १८०/१०५ हून खाली ठेवावा लागतो. यासाठी परिचारिका पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढील सहा तास दर अर्ध्या तासाने आणि त्यानंतर चोवीस तास पूर्ण होईपर्यंत दर तासाला रक्तदाब व चेतासंस्थेची स्थिती तपासते. एकाएकी उद्भवणारी तीव्र डोकेदुखी, ओकारी, वाढता रक्तदाब किंवा मंदावणारी शुद्ध ही मेंदूत रक्तस्राव होत असल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी औषधाचा प्रवाह तत्काळ थांबवून वैद्यास पाचारण करणे हे परिचारिकेचे कर्तव्य असते.

ज्वर, रक्तशर्करा व गिळण्याची क्रिया : इजा पोहोचलेल्या मेंदूस ज्वर व रक्तातील वाढलेली शर्करा ही दोन्ही अपायकारक असतात. तसेच तीव्र अवस्थेतील सु. निम्म्या रुग्णांत गिळण्याची क्रिया बिघडलेली असते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिका सँडी मिडल्टन व त्यांचे सहकारी यांनी १९ पक्षाघात विभागांत एक चाचणी केली. काही विभागांतील परिचारिकांना या तीन गोष्टींसंबंधी निश्चित नियम शिकविले गेले : पहिले तीन दिवस तापमान व शर्करा नियमित मोजणे, तापमान ३७.५° से. वर जाताच पॅरासिटॅमॉल देणे, वाढलेल्या शर्करेवर विनाविलंब उपचार करणे आणि चोवीस तासांच्या आत गिळण्याची चाचणी घेणे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ९० दिवसांनंतर मृत वा परावलंबी असलेल्या रुग्णांचे प्रमाण या विभागांत ४२ टक्के, तर इतर विभागांत ५८ टक्के होते. यात कोणतेही नवे औषध वा महागडे यंत्र वापरलेले नव्हते. नेहमीची कामे नेमाने व वेळेवर केल्याचा हा परिणाम होता. परिचर्येचे उपचारमूल्य दर्शविणारा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच आढळतो.

गिळण्याची चाचणी होईपर्यंत रुग्णाच्या तोंडात पाणी, दूध वा औषधाची गोळी काहीही घालू नये, हा पक्षाघात-परिचर्येतील कडक नियम आहे. आपल्याकडे रुग्णास शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात पाणी घालण्याची किंवा ‘शक्ती यावी’ म्हणून पेज व नारळपाणी पाजण्याची घाई केली जाते. त्यातूनच अनेकदा न्यूमोनियाचा आरंभ होतो. चाचणीसाठी रुग्ण पुरता जागा असावा लागतो. त्यास ताठ बसवून प्रथम चमचाभर पाणी देतात. ठसका, आवाजात येणारी घरघर, ओठांच्या कडेने होणारी गळती किंवा श्वासाची वाढती गती यांपैकी काही दिसल्यास तोंडाने देणे थांबवून नाकातून जठरात घातलेल्या नळीने अन्न देतात. काही रुग्णांत ठसका न लागताही अन्न श्वासमार्गात उतरते. म्हणून नंतरही तापाकडे व छातीच्या आवाजाकडे लक्ष ठेवावे लागते. सौम्य दोष असलेल्यांना पातळ पदार्थांपेक्षा दाट, एकजीव पदार्थ गिळणे सोपे जाते. उदा., मऊ भात घोटून, वरणात भिजवून कुस्करलेली भाकरी, घट्ट खीर. पातळ ताक, कढण व पाणी त्यांना अधिक धोक्याचे असते. घास लहान असावा, तो जिभेच्या सशक्त बाजूस ठेवावा आणि खाऊन झाल्यावर अर्धा तास तरी रुग्णास निजवू नये. लुळ्या गालाच्या पोकळीत अन्न साचून राहते. ते काढून दिवसातून निदान दोनदा तोंड स्वच्छ करणे हा न्यूमोनिया टाळण्याचाच एक उपाय होय.

अंगस्थिती व उपद्रवांचे निवारण : संवेदना नष्ट झालेल्या अंगास दाब कळत नाही. माकडहाड, टाच, घोटा व खुबा या जागी हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये त्वचा सतत दाबली गेल्यास थोड्या तासांतच तेथील रक्तप्रवाह खंडित होऊन शय्याव्रणास सुरुवात होते. यावरचा उपाय म्हणजे साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलणे. हा नियम सांगण्यास सोपा, पण पाळण्यास कष्टाचा आहे. एका रुग्णास दिवसाकाठी १२ वेळा वळवावे लागते. एका विभागात असे पाच रुग्ण असल्यास ही संख्या ६० होते आणि प्रत्येक वेळी बहुधा दोन व्यक्ती लागतात. परिचारिकांची संख्या अपुरी पडते तेव्हा सर्वप्रथम गाळले जाणारे काम हेच असते व त्याचे परिणाम आठवड्यानंतर दिसू लागतात.

लुळ्या अंगाचे स्नायू प्रथम शिथिल असतात व पुढे काही आठवड्यांत ताठरू लागतात. हात कोपरात व मनगटात वाकलेला, मूठ मिटलेली आणि पायाचा चवडा खाली झुकलेला अशी विकृत ठेवण त्यातून कायम होऊ शकते. ती टाळण्यासाठी निजताना व बसताना उशांचा आधार देऊन खांदा पुढे, हात आधारावर, बोटे उघडी आणि पाऊल काटकोनात ठेवतात. लुळ्या हाताला धरून रुग्णास ओढणे किंवा काखेत हात घालून उचलणे सर्वथा वर्ज्य आहे. खांद्याचा सांधा त्यामुळे निखळतो व त्याची वेदना हातापायांतील बळ परत आल्यावरही व्यायामास अडथळा करीत राहते.

मूत्रनलिका घालून ठेवणे परिचारिकेस सोयीचे असले, तरी त्यातून संसर्ग होतो. म्हणून ती अत्यावश्यक असेल तेव्हाच घालून लवकरात लवकर काढतात आणि दर दोन तासांनी भांडे देऊन मूत्राशयास पुन्हा वळण लावतात. पायातील नीलेतील गुठळी टाळण्यासाठी पूर्वी मांडीपर्यंतचे घट्ट लवचिक मोजे घालीत असत. २००९ मधील एका मोठ्या चाचणीत त्यांचा उपयोग होत नसून त्वचेस मात्र इजा पोहोचते असे आढळले. याउलट पायाभोवती हवेने आळीपाळीने फुगणारी वेष्टने परिणामकारक असल्याचे २०१३ मध्ये दिसून आले.

लवकर उठविणे हितकारक असले, तरी त्यालाही मर्यादा आहे. २१०४ रुग्णांवरील एका आंतरराष्ट्रीय चाचणीत चोवीस तासांच्या आत वारंवार व जास्त वेळ उठविलेल्या रुग्णांपैकी ४६ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीने हळूहळू उठविलेल्यांपैकी ५० टक्के रुग्ण तीन महिन्यांनी समाधानकारक स्थितीत होते (२०१५). म्हणून पहिल्या दिवशी थोडा वेळ व बेताने, आणि नंतर क्रमाक्रमाने वाढवीत जाणे हे धोरण आता स्वीकारले जाते. परिचारिकेच्या अनुभवाधिष्ठित निर्णयास येथे विशेष महत्त्व असते.

पुनर्वसन : कार्यशक्तीचा सर्वाधिक लाभ पहिल्या तीन महिन्यांत होतो, त्यानंतरही सुधारणा मंदगतीने चालू राहते. मेंदूचे शाबूत राहिलेले भाग सरावाने नवी कामे अंगवळणी पाडू शकतात, हा पुनर्वसनाचा शास्त्रीय आधार होय. भौतिकी चिकित्सक दिवसातून तास-अर्धा तास जे शिकवितो त्याची पुनरावृत्ती उरलेल्या वेळात होणे आवश्यक असते. अंग पुसणे, कपडे घालणे, जेवणे व शौचास नेणे या प्रत्येक प्रसंगी रुग्णाने स्वतः काय करावयाचे आणि परिचारिकेने कोठवर हातभार लावावयाचा हे ठरवून घेतल्यास संपूर्ण दिवसच व्यायामाचा होतो. रुग्णाचे सर्व काही आपणच उरकणे हे दयाळूपणाचे वाटले, तरी त्याने परावलंबन वाढते. परिचर्येच्या इतर शाखांत ‘रुग्णासाठी करणे’ यावर भर असतो, तर पुनर्वसन-परिचर्येत ‘रुग्णाकडून करवून घेणे’ यावर असतो. [→ भौतिकी चिकित्सा].

पाश्चात्त्य देशांत तयार झालेले दैनंदिन व्यवहारांचे निकष खुर्ची, पलंग, काटा-चमचा व उंच शौचपात्र गृहीत धरतात. महाराष्ट्रातील खेड्यात जमिनीवर मांडी घालून बसणे, उकिडवे बसून शौच करणे, उजव्या हातानेच जेवणे, धोतर किंवा नऊवारी लुगडे नेसणे आणि उंबरा ओलांडणे ही स्वावलंबनाची खरी मापे होत. जमिनीवरून उठणे खुर्चीवरून उठण्यापेक्षा पुष्कळच कठीण असते. म्हणून आरंभी गुडघ्याइतक्या उंचीचा पलंग किंवा फळी टाकून ताठ केलेली बाज वापरावी लागते. विणीची सैल बाज कमरेत खोल जाते व रुग्णास कूस बदलता येत नाही. शौचासाठी मधोमध भोक पाडलेली मजबूत खुर्ची चालते. उजवा हात लुळा झालेल्या रुग्णास डाव्या हाताने जेवण्याचा संकोच वाटतो व त्यापायी काहीजण पंगतीला बसणेच सोडतात. हा संकोच दूर करणे हाही परिचर्येचाच भाग ठरतो.

मेंदूच्या डाव्या अर्धाच्या इजेत बहुधा उजव्या अंगाबरोबर भाषाही बाधित होते. यास वाचाघात म्हणतात. अशा रुग्णाची बुद्धी गेली आहे असे समजणे चुकीचे होय. त्याच्याशी छोट्या वाक्यांत, एका वेळी एकच गोष्ट विचारून, ‘हो-नाही’ असे उत्तर देता येईल अशा रीतीने बोलावे आणि उत्तरासाठी थांबावे. स्वतंत्र वाक्य बोलू न शकणारे रुग्ण पुष्कळदा अंक, वार, आरती किंवा हरिपाठ यांसारखे पाठांतर अस्खलित म्हणू शकतात, कारण सवयीच्या उच्चारांची यंत्रणा काही अंशी वेगळी असते. घरातील माणसांनी याचा अर्थ ‘हवे तेव्हा बोलतो’ असा करू नये. उलट या शाबूत शक्तीचा संभाषणाकडे नेणारी पायरी म्हणून उपयोग करून घ्यावा. उजव्या अर्धाच्या इजेत रुग्ण आपल्या डाव्या अंगाची व डावीकडच्या वस्तूंची दखलच घेत नाही, ताटाच्या उजव्या भागातील अन्नच खातो आणि आपण ठणठणीत असल्याचे सांगतो. त्याच्या पडण्याचा धोका अधिक असल्याने त्याच्यावर विशेष लक्ष ठेवावे लागते.

सु. एक-तृतीयांश रुग्णांत पुढे उदासीनता (मानसिक खिन्नता) निर्माण होते. न बोलणे, अन्न नाकारणे व व्यायामास टाळाटाळ करणे ही तिची लक्षणे घरी ‘हट्टीपणा’ म्हणून गणली जातात. ती ओळखून उपचार करविल्यास पुनर्वसनही वेग घेते.

ग्रामीण भागातील परिचर्या : गडचिरोली जिल्ह्यात अभय बंग व राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची पाहणी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण असून सु. १४ टक्के मृत्यू त्याने झाले होते. आणि यांपैकी सु. ८७ टक्के मृत्यू घरीच झाले होते. शहरी समृद्धीचा समजला जाणारा हा रोग खेड्यातही मुरला आहे आणि तेथील रुग्णाची परिचर्या रुग्णालयात नव्हे, तर घरात होते, या दोन गोष्टी त्यावरून सिद्ध होतात.

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील डिंगोरे या गावाचे उदाहरण घेतल्यास या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. माळशेज घाटातून येणाऱ्या कल्याण–अहिल्यानगर महामार्गालगतचे हे गाव पुणे शहरापासून सु. १०० किमी. अंतरावर आहे. जुन्नर व नारायणगाव येथे ग्रामीण रुग्णालये, तर शेजारच्या आंबेगाव तालुक्यात मंचर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. महामार्गावरील गावातून साडेचार तासांत मोठ्या शहरातील रुग्णालय गाठणे अशक्य नाही. पश्चिमेकडील डोंगरातील वाड्यावस्त्यांवरून मात्र ते दुर्घट होते. तथापि वेळ दवडला जातो तो बहुधा रस्त्यावर नव्हे, तर घरी. ‘अंगावरून वारे गेले’ या रूढ शब्दप्रयोगातून हा आजार वाऱ्याचा, म्हणजे मेंदूशी संबंध नसलेला, अशी समजूत दिसून येते. मग तेल चोळणे, पारव्याचे रक्त लावणे, झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे नेणे किंवा सकाळपर्यंत वाट पाहणे यांत मोलाचे तास जातात. चेहरा एका बाजूस वाकडा होणे, एक हात उचलता न येणे व बोलणे अडखळणे यांपैकी एक जरी लक्षण एकाएकी दिसले, तरी घड्याळ पाहून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका (महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध) बोलावणे, एवढे ज्ञान घरोघरी पोहोचविणे हे आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका व आशा कार्यकर्ती यांचे काम आहे.

ग्रामीण आरोग्यव्यवस्थेच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात ५,००० व डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे लागते. तेथील परिचारिकेचे शिक्षण व काम दीर्घकाळ माता-बालसंगोपन, लसीकरण आणि कुटुंबनियोजन यांभोवती केंद्रित झालेले होते. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१० मध्ये पक्षाघाताचा समावेश झाला आणि २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर सुरू झाले. त्यामुळे रक्तदाब व मधुमेह यांची गावातच तपासणी होऊ लागली. रुग्णालयातून घरी आलेल्या पक्षाघाताच्या रुग्णाकडे ठराविक दिवसांनी जाऊन त्याची त्वचा, गिळणे, सांधे, रक्तदाब व औषधे पाहणे हे त्याच घरभेटींतून साध्य होऊ शकते. अशी भेट पहिल्या आठवड्यात झाल्यास तिचा उपयोग सर्वाधिक होतो, कारण रुग्णालयातून बाहेर पडल्यानंतरच्या त्या दिवसांत कुटुंब पूर्णतः गोंधळलेले असते.

कुटुंबाचा सहभाग व त्याच्या मर्यादा : घरी परिचर्येचा भार बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी यांच्यावर पडतो. शेतीची मजुरी बुडते, अवजड शरीर उचलून कंबर दुखावते, रात्रीची झोप मोडते. म्हणून रुग्णालयातून पाठवणी करण्यापूर्वी परिचारिकेने या व्यक्तीस कूस बदलणे, पलंगावरून खुर्चीवर बसविणे, भरविणे व नळीची निगा या गोष्टी केवळ तोंडी न सांगता तिच्या हातून करवून घ्याव्यात आणि घरातील दुसऱ्या एखाद्या व्यक्तीसही त्या शिकवून ठेवाव्यात.

मात्र कुटुंबाला शिकविणे हा प्रशिक्षित सेवेचा पर्याय ठरत नाही. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत नेहमीच्या सेवेला कुटुंबीयांकडून घरी करविलेल्या पुनर्वसनाची जोड देण्यात आली. सहा महिन्यांनंतर मृत वा परावलंबी रुग्णांचे प्रमाण असे प्रशिक्षण मिळालेल्या व न मिळालेल्या अशा दोन्ही गटांत ४७ टक्के, म्हणजे सारखेच आढळले (२०१७). यावरून कुटुंबाचे शिक्षण निरुपयोगी ठरत नाही. उपद्रव टाळण्यास व रुग्णाचे हाल कमी करण्यास ते आवश्यकच आहे. परंतु चिकित्सक व परिचारिका यांच्या उणिवेची भरपाई नातेवाइकांच्या कष्टांतून होईल, ही अपेक्षा निराधार ठरते. न्यू साउथ वेल्समधील चाचणीशी याची तुलना केल्यास हा भेद अधिकच उठून दिसतो : तेथे फरक पडला तो प्रशिक्षित हातांनी ठराविक वेळी केलेल्या ठराविक कामांमुळे.

पुनरावृत्तीचा प्रतिबंध व कायदेशीर तरतुदी : एकदा पक्षाघात झालेल्यास पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच अधिक असतो. रक्तदाबाची गोळी ‘बरे वाटू लागले’ म्हणून बंद करणे हे त्याचे एक प्रमुख कारण होय. रक्तदाब व मधुमेह यांवर आयुष्यभर नियंत्रण, वैद्याच्या सल्ल्याने रक्त पातळ ठेवणारी औषधे, तंबाखू, विडी व मिसरी यांचा त्याग आणि लोणचे, पापड, खारवलेले मासे यांतील मिठावर मर्यादा ही पथ्ये प्रत्येक भेटीत पुन्हा सांगावी लागतात. ग्रामीण स्त्रियांमधील मिसरीची सवय प्रश्न विचारल्याशिवाय उघड होत नाही, हे परिचारिकेने ध्यानात ठेवणे इष्ट असते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये चलनवलनविषयक दिव्यांगत्वाबरोबर वाचाघातामुळे आलेले कायमचे वाक् व भाषा दिव्यांगत्वही मान्य झाले आहे. शारीरिक सुधारणा स्थिरावल्यावर प्रमाणपत्र मिळविण्यास रुग्णाला मार्गदर्शन करणे हे पुनर्वसनाचे सामाजिक अंग होय. पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी कितीजण पुन्हा आपल्या पायांवर उभे राहतील हे केवळ मेंदूतील इजेच्या आकारावर अवलंबून नसते. आघातानंतरच्या दिवसांत व महिन्यांत त्यांच्याजवळ प्रशिक्षित माणूस किती वेळ होता, यावरही ते अवलंबून असते. त्या दृष्टीने परिचारिकांची पुरेशी संख्या, त्यांचे पक्षाघातविषयक विशेष प्रशिक्षण आणि घरभेटींची नियमितता या बाबी औषधपुरवठ्याइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.